डॉक्टर नव्हे, मग कोण?

आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून मुलामुलींच्या शिक्षणाची गोष्ट निघाली म्हणजे वैद्यकीच्या बाबतीत दोनच वर्ग आपणांस ठाऊक असतात. मूल हुशार निघाले तर ते डॉक्टर होणार, आणि गुण चार-दोन कमी पडले तर 'मग दुसरे काही तरी' पाहावयाचे. या 'दुसरे काही' मध्ये काय काय येते, त्याला शिक्षण किती लागते, त्या शिक्षणाचा समाजास उपयोग काय, याचा विचार करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आम्हीही ती कदाचित घेतली नसती. परंतु योगायोग असा की, आमच्या कुटुंबातील दोन मुली या 'दुसरे काही' च्या वाटेस लागल्या आहेत. एक आमच्या भगिनीची नात. तिचा जन्म व वाढ अमेरिकेतली असून तेथे ती हल्ली 'फिजिशियन असिस्टंट', म्हणजे वैद्यसाहाय्यक, होण्यासाठी पदव्युत्तर अभ्यास करीत आहे. दुसरी आमच्या थोरल्या बंधूंची धाकटी कन्या. ती परिचर्याशास्त्राची पदवीधर असून त्यापुढील शिक्षण घेऊन आमच्याच कोरपना तालुक्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. दोघींपैकी एकीसही डॉक्टर म्हणता येत नाही. आणि तरीही रोगी तपासणे, रोग ओळखणे व उपचारास आरंभ करणे हेच दोघींचे काम. हे कसे, आणि अशा कामाचा आपल्या घरांनी अभिमान बाळगावा की काळजी वाहावी, हा प्रश्न गेली तीन वर्षे आमच्या घरी जेवणाच्या पंगतीस हजर असतो. त्याविषयी जे पाहिले व जे विचारांती उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम आमच्या गावाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कारण गाव समजले नाही तर या पेशाची गरजही समजावयाची नाही. कोरपना हे चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील तालुक्याचे ठिकाण. उत्तरेस पैनगंगा व तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, दक्षिणेस माणिकगडचे डोंगर व त्यांच्या पलीकडे तेलंगण. हा सारा मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात होता, आणि आमच्या पणजोबांचे पटवारीपणाचे दप्तर अर्धे मोडीत व अर्धे उर्दूत असे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा राजुऱ्याचा भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मराठी मुलुखास मिळाला. त्याच राजुऱ्यातून पुढे कोरपना तालुका वेगळा निघाला. जमीन काळी, पीक मुख्यतः कापसाचे. जमिनीच्या पोटात चुनखडक, म्हणून गडचांदूर, आवारपूर या बाजूस सिमेंटचे मोठमोठे कारखाने. डोंगराच्या अंगास कोलामांचे गुडे व गोंडांची गावे. कारखान्यांच्या मालमोटारी येथील रस्त्यांवरून अहोरात्र धावतात. परंतु मध्यरात्री एखाद्या गुड्यावर बाळंतीण अडली किंवा पोराला झटके आले, तर त्यास राजुऱ्यास न्यावे, चंद्रपुरास न्यावे, की सीमा ओलांडून आदिलाबादेस न्यावे, याचा खल घरच्या अंगणात कंदील धरून आजही होतो. डॉक्टर नाहीत असे नाही. चंद्रपुरास 2015 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु डॉक्टर आणि गुडा यांच्यामध्ये जे अंतर आहे ते केवळ रस्त्याचे नाही. भाषेचे, भयाचे आणि बुडणाऱ्या मजुरीचे अंतरही त्यात मिळालेले असते.

आता अमेरिकेतील मुलीकडे वळू. तिने हा अभ्यासक्रम निवडल्याचे कळले तेव्हा आमच्या घरातील वडील मंडळींचा पहिला ग्रह असा झाला की, पोरीस डॉक्टरकीस प्रवेश मिळाला नसावा. वस्तुस्थिती निराळी निघाली. या शिक्षणास तेथे आधी चार वर्षांची पदवी लागते. त्यातही बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष रोग्यांच्या सान्निध्यात कित्येक शेकडे तास काम केल्याचा दाखला मागतात. त्यानंतर सुमारे सत्तावीस महिन्यांचा पदव्युत्तर अभ्यास. पहिले वर्ष शरीररचना, रोगविज्ञान, औषधविज्ञान यांत जाते. पुढे शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग, मनोविकार, तातडीचे उपचार अशा एकेका विभागात पाळीपाळीने दोन हजार तासांच्या आसपास प्रत्यक्ष काम करावे लागते. शेवटी तीनशे प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा. ती उतरल्यावरही सुटका नाही. दर दोन वर्षांत शंभर तासांचे नवे शिक्षण घेतल्याचे दाखवावे लागते, आणि दहा वर्षांच्या चक्रात आपले ज्ञान पुन्हा कसोटीस लावावे लागते. एवढे करून तो मनुष्य स्वतःस डॉक्टर म्हणवीत नाही. डॉक्टरांच्या सहकार्याने तो रोगी तपासतो व औषध लिहून देतो, आणि ज्या ठिकाणी आपली विद्या संपते तेथे रोगी डॉक्टरांच्या हाती सोपवितो.

हा पेशा तेथे कसा निर्माण झाला, ते आपल्याकडील वाचकांस विशेष बोधप्रद वाटेल. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना प्रांतात गार्लंड नावाच्या खेड्यात डॉ. एमॉस जॉन्सन नावाचे वैद्य होते. त्यांनी आपल्या हाताखालच्या एका साहाय्यकास वर्षानुवर्षे शिकवून इतके तयार केले होते की, डॉक्टर परगावी गेले तरी दवाखाना अडून राहत नसे. आपल्याकडील जुन्या पिढीस हे चित्र अनोळखी नाही; खेडोपाडी अनुभवी कंपाउंडर हेच करीत असत. फरक पुढे पडला. त्याच प्रांतातील ड्यूक विद्यापीठाच्या डॉ. यूजीन स्टेड यांनी या घरगुती शिक्षणास शास्त्राचे रूप दिले. त्यांनी आधी अनुभवी परिचारिकांना पुढचे शिक्षण देऊन पाहिले. पण परिचर्या शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेने त्या क्रमास मान्यता दिली नाही. मग 1965 साली नौदलात रुग्णसेवा करून परतलेले चार तरुण घेऊन त्यांनी पहिला वर्ग उघडला. 1967 साली त्यांतील तिघे उत्तीर्ण झाले. त्या तिघांपासून आजचा हा विस्तीर्ण पेशा वाढला. आपला कंपाउंडर मात्र कंपाउंडरच राहिला; त्याला अनुभव होता, पण परीक्षा नव्हती, कायदा नव्हता आणि त्याच्या कामास कोणी मर्यादा आखून दिली नव्हती.

परंतु मधली पायरी आपल्या देशात कधीच नव्हती असे मात्र नव्हे. आमच्या आजोबांच्या तोंडी 'एल. एम. पी. डॉक्टर' हे शब्द नेहमी असत. विद्यापीठाची पदवी न घेता मेडिकल स्कुलांतून तीन-चार वर्षांचा क्रम पुरा करून परवाना मिळविणारे हे लायसेन्शिएट वैद्य. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशात नोंदणी झालेले सुमारे साडेसत्तेचाळीस हजार डॉक्टर होते. त्यांपैकी जवळजवळ तीस हजार या वर्गाचे होते. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1946 साली आपला अहवाल दिला, त्यात यापुढे देशात एकाच दर्जाचा, पूर्ण पदवी घेतलेला डॉक्टर तयार करावा अशी शिफारस केली. समितीतील काही सभासदांचे मत याविरुद्ध होते. परंतु बहुमताची शिफारस अमलात आली आणि मेडिकल स्कुले बंद तरी पडली किंवा त्यांची महाविद्यालये झाली. हेतू उदात्त होता यात संशय नाही; गरिबास दुय्यम वैद्य का द्यावा, हा प्रश्न न्यायाचाच होता. मात्र त्याचा परिणाम असा झाला की, पदवीचा डॉक्टर शहरात राहिला, परवान्याचा डॉक्टर नाहीसा झाला, आणि गुड्यावर झोळीत सुई व सलाईनची बाटली घेऊन फिरणारा परवानाविरहित मनुष्य आला. रिकामी जागा कोणी तरी भरतोच.

ही जागा पुन्हा रीतसर भरण्याचे प्रयत्न अलीकडच्या तीस-पस्तीस वर्षांत झाले. 1992 साली मद्रास येथे डॉ. के. एम. चेरियन यांनी हृदयशस्त्रक्रियेच्या कामासाठी वैद्यसाहाय्यकांचा पहिला वर्ग सुरू केला. तो मुख्यतः मोठ्या रुग्णालयांस उपयोगी पडला. 2021 सालच्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने या पेशाचे नाव अधिकृत यादीत आले. अरण्यमुलुखाचा प्रश्न निराळा होता. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याची पूर्व सीमा जेथे संपते त्या छत्तीसगडने, राज्य नवे असतानाच, 2001 साली तीन वर्षांचा वैद्यकीय क्रम काढला. डॉक्टर मंडळींच्या विरोधामुळे व नावाच्या वादामुळे तो थोड्याच वर्षांत बंद पडला. पण त्यातून उत्तीर्ण झालेली मंडळी ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक म्हणून दूरच्या केंद्रांवर गेली. 2010 साली त्यांच्या कामाची तपासणी प्रसिद्ध झाली, तीत नेहमीचे आजार ओळखून त्यांवर योग्य उपचार सांगण्यात ही मंडळी पदवीधर डॉक्टरांच्या बरोबरीने उतरली. त्याच छत्तीसगडात, विजापूर जिल्ह्यातील जांगला येथे, 14 एप्रिल 2018 रोजी केंद्र सरकारच्या योजनेतील पहिले आरोग्यवर्धिनी केंद्र उघडले. देशभर अशी दीड लाख केंद्रे करावयाची आणि उपकेंद्रावर एक समुदाय आरोग्य अधिकारी नेमावयाचा, अशी ती योजना. पदवीधर परिचारिका, आणि आपल्या महाराष्ट्रात आयुर्वेदाचे पदवीधरही, सहा महिन्यांचे विशेष शिक्षण घेऊन या जागेस पात्र होतात. आमची पुतणी त्यांतलीच एक.

चार वर्षांची पदवी आटोपून ती घरी आली तेव्हा तिच्यापुढे तीन वाटा होत्या. नागपूरच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात नोकरी, परदेशी जाण्याच्या परीक्षेची तयारी, अथवा हे सहा महिन्यांचे शिक्षण. घरातील बहुमत दुसऱ्या वाटेस अनुकूल होते, हे आम्ही लपवीत नाही. वहिनींनी तर आपल्या बहिणीकडून परदेशातील खर्चाची माहितीही मागविली होती. मुलीने तिसरी वाट धरली. त्या सहा महिन्यांत तिचे दिवस रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग, प्रसूतिगृह व खेड्यांतील केंद्रे यांत गेले. गर्भवतीची तपासणी, अर्भकाच्या श्वासांची मोजणी, मलेरियाची झटपट चाचणी, रक्तदाब व मधुमेह यांचा शोध, तोंडाच्या व स्तनाच्या कर्करोगाची प्राथमिक पाहणी, असे बारा प्रकारच्या सेवांचे शिक्षण तिला मिळाले. रात्री ती वहीत एकेक आजार लिही आणि पानाच्या मध्ये उभी रेघ ओढी. रेघेच्या डावीकडे 'मी करावयाचे' व उजवीकडे 'पाठवावयाचे' अशी दोन शीर्षके. आम्ही ती वही पाहिली. उजवी बाजू डावीपेक्षा नेहमीच अधिक भरलेली असे. त्या वेळी आमच्या मनात आले की, ज्या विद्येत अर्ध्याहून अधिक पान 'मी करावयाचे नाही' याने भरते, ती विद्या साधी नव्हे.

नेमणूक झाली आणि खरी परीक्षा घरातच सुरू झाली. एका स्थळाकडून विचारणा आली. मंडळी सुसंस्कृत, मुलगा अभियंता. त्यांनी एकच प्रश्न केला, "मुलगी डॉक्टर आहे की नर्स?" थोरले बंधू गडबडले. उपकेंद्रावर येणारे लोक तिला डॉक्टरीणबाईच म्हणतात, तेव्हा तसे सांगण्यास हरकत काय, असे त्यांस वाटले. मुलगी तेथेच उभी होती. ती म्हणाली, "बाबा, तसे सांगू नका. केंद्रावरसुद्धा कोणी मला डॉक्टर म्हटले की मी सांगते, मी डॉक्टर नाही. आज डॉक्टर म्हणवून घेतले तर उद्या डॉक्टरचे काम पुढे आल्यावर 'हे मला येत नाही' असे म्हणण्याचे तोंड मला राहणार नाही." आमच्या मातुःश्रींचे वय त्या वेळी ब्याऐंशी. त्या माजघरातून म्हणाल्या, "मग त्यांस सांगा, ती जे आहे तेच." स्थळ पुढे गेले नाही. घरात चार दिवस शांतता होती. मुलीच्या उत्तरात मात्र या पेशाचे सारे मर्म आले आहे असे आम्हांस तेव्हाही वाटले व आजही वाटते.

ते मर्म कसे, हे एका प्रसंगावरून ध्यानात येईल. श्रावण-भाद्रपदात आमच्याकडे कापसावर फवारणी चालते. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात या फवारणीच्या विषाने किती तरी शेतकरी व शेतमजूर दगावले, हे वाचकांस स्मरत असेल. अशाच एका दुपारी पुतणीच्या केंद्रावर एका मजुरास बैलगाडीतून आणले. घामाने भिजलेला, तोंडास लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. बरोबरच्या मंडळींचा एकच घोष, "बाई, सलाईन लावा." आमच्या भागात सलाईन म्हणजे औषधांचा राजा, तो लावला नाही तर उपचार झालाच नाही अशी समजूत. तिने सलाईन लावली नाही. हातमोजे चढवून तिने त्याचे विषाने माखलेले कपडे उतरविले, साबण व पाणी घेऊन त्याचे अंग धुवविले, लाळ घशात जाऊ नये म्हणून त्यास कुशीवर निजविले, आशाताईस 108 ची गाडी बोलावण्यास सांगितले आणि स्वतः दूरध्वनीवरून डॉक्टरांस लक्षणे कळविली. कोणत्या औषधाची फवारणी चालू होती, हे विचारून तिने तो डबा गाडीत बरोबर दिला. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच तेथील डॉक्टरांनी उताऱ्याचे औषध तयार ठेवले होते. मनुष्य वाचला. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा अशी की, बाईंनी काही केलेच नाही, नुसते धुऊन पाठविले! आम्ही तिला विचारले, वाईट वाटले काय? ती म्हणाली, "काका, धुणे आणि पाठवणे हेच तर औषध होते. सलाईन शोधत बसले असते तर अर्धा तास गेला असता."

दुसरा प्रसंग याहून सौम्य, पण आमच्या मते अधिक बोलका. एका गुड्यावरचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा वारंवार सांधे दुखतात म्हणून शाळा बुडवी. कोणी वात म्हणे, कोणी शाळा चुकविण्याचे सोंग म्हणे, कोणी अंगारा लावी. पुतणी त्या गुड्यावर दर महिन्यास जाते. तिसऱ्या खेपेस तिने पाहिले की डोळे किंचित पिवळट आहेत, आणि धाकट्या बहिणीचेही पोट दुखते. तिने दोघांच्या रक्ताची सिकलसेलची प्राथमिक चाचणी केली व पक्क्या तपासणीसाठी नमुने पुढे पाठविले. रक्तातील तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा हा आनुवंशिक विकार 1910 साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी प्रथम वर्णिला. आमच्या विदर्भात तो पुष्कळ आढळतो, आणि 2023 च्या 1 जुलैस त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. त्या मुलास आता डॉक्टरांनी ठरवून दिलेले औषध नियमाने मिळते व तो शाळेत जातो. डॉक्टरांस हा रोग ओळखता आला नसता असे नाही. त्यांनी तो क्षणात ओळखला असता. परंतु त्यांच्यापर्यंत तो मुलगा पोहोचला कधी असता? रोग्याकडे तिसऱ्यांदा जाणे, हा या मधल्या पायरीचा खरा गुण आहे.

येथे कोणी आक्षेप घेईल की, थोडक्या शिक्षणावर माणसांचे जीव सोपवावे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही आमच्याच अरण्यमुलुखात सापडते. गडचिरोलीस डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी 1986 साली 'सर्च' ही संस्था स्थापिली. तिने एकोणचाळीस गावांतील थोड्या शिकलेल्या स्त्रियांस नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्यास ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची चिन्हे ठरलेल्या यादीवरून ओळखणे व ठरलेले औषध देणे, एवढेच काम. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तान्त आला: नवजात बालकांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटले होते. पुढे हीच पद्धत आशाताईंच्या द्वारे देशभर गेली. यावरून वर्षांची गणती व्यर्थ आहे असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. त्या स्त्रियांचे काम थोडे व नेमके होते, त्याचा सराव पुनःपुन्हा होई, आणि त्यांच्या प्रत्येक नोंदीवर जाणत्या माणसाची नजर असे. ज्यास हे तीन आधार आहेत त्याचे थोडे शिक्षणही प्राण वाचविते. ज्यास ते नाहीत त्याचे पुष्कळ शिक्षणही धोक्याचे ठरू शकते.

आमची काळजी आहे ती या तिसऱ्या आधाराविषयी. मागल्या दिवाळीत दोघी बहिणींचे दूरध्वनीवर चित्रासह संभाषण चालले होते. अमेरिकेच्या मुलीने सहज विचारले, "ताई, तुझे रोगी तुझ्याबरोबर पुन्हा कोण पाहते?" इकडून उत्तर गेले, "महिन्याची बैठक असते; एरवी दूरध्वनी." पलीकडची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आम्हांस शिकताना रोज संध्याकाळी डॉक्टरांपुढे एकेक रोगी सांगावा लागतो." दूरध्वनीवरून डॉक्टरांचा सल्ला घेण्याची 'ई-संजीवनी' ही सरकारी सोय 2019 पासून आहे आणि ती खरोखर उपयोगी आहे, पण डोंगराच्या आड लहरी पोहोचल्या नाहीत म्हणजे संजीवनीही अडून राहते. तिकडे सत्तावीस महिने शिकून डॉक्टर शेजारच्या खोलीत, आणि इकडे सहा महिने शिकून डॉक्टर दोन तालुके पलीकडे, ही विषमता ध्यानात घेतली पाहिजे. डॉक्टरांच्या संघटना या पेशास भितात त्यात थोडा स्वार्थ असेलही, परंतु त्यांची भीती सर्वस्वी निराधार नाही. शिवाय नेमणूक कंत्राटी. वर्ष संपत आले की मुलीच्या चेहऱ्यावर ती अनिश्चितता दिसते. ज्याच्या हाती गावाची नाडी द्यावयाची त्याच्या पायाखालची जमीन वर्षावर्षाने हलती ठेवू नये, एवढे तरी शहाणपण व्यवहारात असावे.

सरकारने काय करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हांस आपल्या घरांशी बोलावयाचे आहे. आपल्या समाजाने विद्येचा मान आजवर पदवीच्या उंचीवरून मोजला. आनंदीबाई जोशी 1886 साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन निघाल्या, त्याचा अभिमान आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगला, आणि तो योग्यच होता. परंतु त्याच मापाने मोजत राहिल्यामुळे परिचारिका, तंत्रज्ञ, वैद्यसाहाय्यक या साऱ्यांस आपण डॉक्टरकी हुकलेली माणसे समजू लागलो. घरातूनच असा ग्रह पोसला म्हणजे त्या मुलामुलींस दोनच वाटा उरतात: आपल्या कामाची लाज बाळगणे, नाही तर खोटे मोठे नाव लावणे. दुसरी वाट रोग्याच्या जिवावर बेतते. म्हणून मुलीच्या कामाचे खरे नाव घरात आदराने उच्चारले जाणे ही नुसती शिष्टाचाराची बाब नव्हे. तिच्या केंद्रावर येणाऱ्या रोग्याच्या सुरक्षिततेशी तिचा संबंध आहे. ज्या मुलीस घरी 'तू जे आहेस तेच सांग' असे ऐकावयास मिळाले, तिला गुड्यावर 'हे मला येत नाही, याला पुढे न्या' असे म्हणणे सोपे जाते.

आमच्या घरापुरते म्हणाल तर माडीवर दोन खोल्या चढविण्यासाठी काही रक्कम बाजूस ठेवली होती. पुतणीचा विचार सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यास करण्याचा आहे. त्यासाठी नोकरीतून वेळ काढावा लागेल आणि खर्चही होईल. खोल्या तूर्त राहू द्याव्या व ती रक्कम तिच्या अभ्यासाकडे द्यावी, असे थोरल्या बंधूंनी गेल्या महिन्यात स्वतःहून सुचविले आणि वहिनींनी त्यास संमती दिली. प्रवेश मिळेल किंवा न मिळेल. मिळाला तरी ती पुन्हा याच केंद्रावर येईल की पुढे जाईल, हे तिचे तिने ठरवावयाचे आहे. त्या बाबतीत घराने तिच्याकडून कोणतेही वचन घेतलेले नाही. तूर्त ती रोज सकाळी नऊच्या आत केंद्रावर असते, आणि तिची ती उभ्या रेघेची वही, आता तिसरी, तिच्या पिशवीत असते. नव्या वहीत डावी बाजू थोडी वाढली आहे. उजवी तेवढीच भरलेली आहे.